माझ्या वाट्याची पावलं

मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या रांगेत उभी होते. ही गोष्ट लपवण्यासारखी आहे, म्हणूनच आधी सांगून टाकते. बिबवेवाडीतल्या आमच्या ऑफिसची लिफ्ट सोमवारी सकाळी हमखास भरलेली असते, पण चार मजले चढण्यापेक्षा दहा मिनिटं ताटकळणं मला नेहमीच परवडत आलं. "मॅडम, आपले मेश्राम काल संध्याकाळी गेले... हार्ट अटॅक," आमच्या सेक्शनमधला पाटील सांगत होता. मी म्हटलं, "काहीतरीच काय? ते तर काकडी खातात!" असं वेडगळ वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि रांगेतली दोन माणसं चक्क हसली.

प्रभाकर मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्याच्या कामात सतरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. मी सदाशिव पेठेतली, म्हणजे कोणी विचारलेलं नसतानाही समोरच्याची चूक दाखवणार. आणि त्यांना चूक दिसली, तर ते आधी स्वतःचा चष्मा पुसून पाहणार. दोन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांना अचानक कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. कॅन्टीनमधले सामोसे जाऊन मटकीची उसळ आली, वाढदिवसाच्या केकऐवजी पेरू आले आणि प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आला. रोज आठ हजार पावलं, वर सेक्शन-सेक्शनची स्पर्धा. आमच्याकडे सेक्शनचे आकडे सांभाळायचं हे लोढणं गळ्यात घ्यायला कोणी तयार नव्हतं. मेश्रामांनी घेतलं, आणि मनापासून घेतलं. चार वाजले की स्टीलचा चपटा डबा उघडून ते एकेका टेबलाशी उभे राहत. काकडी-गाजराच्या चकत्या, वर जिरेपूड. पहाटे मांजरी गावातल्या घरी उठून चिरलेल्या. "घ्या मॅडम." मी घ्यायची आणि म्हणायची, "मेश्राम, आता आम्हाला दाव्याला बांधायचं तेवढं बाकी आहे." यावर तेच सगळ्यात जास्त हसायचे.

साखर माझी वाढलेली, गुडघे माझे कुरकुरणारे, तरी चालायचं नाव नको. तोंड चालतंय तेवढं पुरे, असं मी सांगायची. ते मात्र कधीमधी मला जिन्याकडे वळवायचेच. "लिफ्टनं काहून मॅडम? चला, मी आहे ना." तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला हात टेकून थांबायचे आणि म्हणायचे, "थांबा जरा, मला दम लागून राहिला." दम लागलेला असायचा मला. माझी लाज राखायला ते आपल्यावर घेतात, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. शेवटच्या काही महिन्यांत ते जरा जास्तच वेळ थांबू लागले. कपाळ पुसायचे. एकदा तर पायरीवर बसले. मी म्हटलं, "अहो, पुरे झाली नाटकं, कळलं मला." ते हसले... आणि उठून चालू लागले.

आता त्या पट्ट्याचं. माझ्या एकटीच्या आकड्यांमुळे सेक्शन मागे पडत होतं. एका दुपारी मी पट्टा काढून त्यांच्या डब्यावर ठेवला. "तुम्ही चालताच आहात, दुसऱ्या हाताला हाही बांधा. कोण बघतंय?" त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "आठवडाभर नेतो. मग तुम्ही चालायचं. शब्द द्या." मी शब्द दिला. तो आठवडा पाच महिने संपला नाही. रोज सकाळी पट्टा माझ्या टेबलावर असायचा, फोनजवळ धरला की आदल्या दिवसाचा आकडा माझ्या नावावर चढायचा, आणि संध्याकाळी ते तो परत न्यायचे. वार्षिक कार्यक्रमात सर्वाधिक सुधारणा केल्याबद्दल मला स्टेजवर बोलावून पाण्याची बाटली दिली. मी ती घेतली. मेश्राम टाळ्या वाजवत होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही मांजरीला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. पांढऱ्या साडीतल्या त्यांच्या पत्नी, वंदनाताई, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि तो स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत माझा पट्टा होता. म्हणाल्या, "रोज आधी स्वतःचं चालून यायचे. चहा घ्यायचे, आपला पट्टा काढून तुमचा बांधायचे आणि पुन्हा निघायचे. मी म्हणे, दोन्ही संगंच बांधा ना. तर म्हणे, एकदा चाललेलं दोनदा कसं मोजायचं?" मला तिथे बसवेना. त्या बोलतच होत्या. "त्या दिवशी छातीत भरून आलं म्हणत होते. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणे, मॅडमचे राहिले... अर्ध्यातून परत आले आणि दारातच बसले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं. तुमी मनाला लावून घेऊ नका." ऑफिसात हृदयतपासणीचं शिबिर झालं तेव्हा मेश्राम सगळ्यांना रांगेत उभं करत होते, त्यांचा स्वतःचा नंबर लागलाच नाही. तुमची तपासणी झाली का, हे मी तर त्यांना विचारलंही नव्हतं.

घरी येऊन पट्टा चार्ज केला, फोनजवळ धरला. त्या रविवारचा आकडा माझ्या नावावर चढला... तीन हजार एकशे सहा. मी खूप रडले. बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, आता काय त्याचं!" मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

पट्टा मी बांधत नाही. तो डब्यात आहे आणि डबा टेबलाच्या खणात. चार वाजले की हात आपोआप पुढे होतो, मग खण उघडून डबा नुसता पाहते. जिन्याने मात्र रोज जाते. परवा पाटील बरोबर होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने कठडा धरला आणि हसत म्हणाला, "थांबा मॅडम, मला दम लागलाय." मला हसू आलं नाही. मी चष्मा पुसला आणि त्याच्या कपाळावर घाम आहे का, ते नीट पाहिलं.