ग्रामसभेचं गाऱ्हाणं

आमच्या पेडण्याकडच्या गावात ग्रामसभा सुरू होते ती गाऱ्हाण्यानं. सरकारी नियमात ते कुठे बसतं, मला माहीत नाही, आणि विचारायची सोयही नाही. पंचायतीच्या हॉलात सगळे उभे राहतात, सरपंच चपला काढतो आणि गावचे थोरले मानकरी हात जोडून ग्रामदेवतेला हाक मारतात. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजापासून सुरुवात. मग मागणी: गुरांढोरांना सांभाळ, बोटीवर गेलेल्यांना सुखरूप आण, शिकल्यासवरल्या पोरांना नोकरी दे. प्रत्येक मागणीनंतर सभा एका तोंडानं म्हणते, "व्हय म्हाराजा."

मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? लग्न होऊन या गावात आले तेव्हा याच मानकऱ्यांनी उंबऱ्यावर माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. ही आता आमची, हिला पोराबाळांनी सुखी ठेव, म्हणून. तेव्हापासून ते मला "सुने" म्हणतात. त्यांचा आवाज इतका मऊ की चार शब्द ऐकले तरी माणसाला झोप यावी.

आमच्या घरामागे डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी झर फुटते आणि तिच्या पाण्यावर आमचं कुळागर उभं आहे: सुपारी, माड, केळी, थोडी मिरी. नवरा पणजीला नोकरीला जातो, बागायत मी बघते. त्या डोंगरावर बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचे बंगले येणार अशी कुणकुण होती. त्यासाठी डोंगर कापायचा आणि पंचायतीनं ना-हरकत ठराव द्यायचा.

माझं माहेर पाळीला, खाणींच्या पट्ट्यात. खनिजासाठी डोंगर खणला गेला तेव्हा आमच्या परड्यातली विहीर आधी लाल झाली, मग आटली. आई टँकरची वाट बघत रस्त्यावर कळशी घेऊन बसायची. डोंगर पोटात पाणी धरून ठेवतो हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. म्हणून मी ठरवून सभेला गेले. ठराव आला की उठायचं आणि बोलायचं.

पण ठरावाच्या आधी गाऱ्हाणं आलं. गुरंढोरं झाली, बोटीवरचे झाले, आणि मग त्याच मऊ आवाजात मानकरी म्हणाले, "आणि डोंगरार जां काम येवचां आसा, तेका यश दी. सगळ्यांची मनां एक कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सभा म्हणाली.

माझंही तोंड सवयीनं उघडलं होतं. ते मी तसंच मिटलं.

ठरावाची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. सरपंच हसला. "हात कित्याक वयनी? देवाक सांगून जालां. सगळ्यांनी व्हय म्हटलां." शेजारी बसलेल्या सेक्रेटरीनं मान डोलावली. म्हणाला, पाचामुखी परमेश्वर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परमेश्वर त्या पाच तोंडांत कुणी घातला ते तर आत्ताच ऐकलं होतं.

"मी व्हय नाही म्हटलं," मी म्हणाले. "आणि देवाकडे मागणं म्हणजे ठराव नव्हे."

मानकरी वळले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आजारी माणसाच्या खाटेजवळ उभं राहून पाहतात तसं.

"तू म्हणूंक नाय, सुने?"

"नाही."

"बरां. देव बघता."

एकीनं व्हय म्हटलं नाही म्हणजे गाऱ्हाणं मोडलं, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. मी जिंकले असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

गावानं मला वाळीत वगैरे टाकलं नाही. उलट सगळे फार प्रेमानं वागू लागले, आणि तेच मला सोसवेना. पोदेर सकाळी पाव देताना थांबून विचारी, तब्येत बरी मां? देवळाच्या पायरीवर एका बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सांभाळून रव गो." कुळागरात माडाचं चुडत, वाळकी झावळी, पडलं, रोजच पडतं, तर दुपारपर्यंत तीन जणं चौकशीला आली. सगळे कशाची तरी वाट बघत होते. हळूहळू मीही बघू लागले. विहिरीवर वाकताना कठड्याला धरू लागले. दुपारी बागेत एकटी जाणारी मी, कुत्र्याला बरोबर नेऊ लागले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "आमका ह्याच गावात मरपाचां आसा. खांदो देवपाक चार जाण लागतत."

"झर आटली तर त्याआधी जगायचं कशावर?" मी विचारलं. त्यानं भात कालवला.

पुढच्या सभेला तो रजा काढून माझ्याबरोबर आला. मला खूप बरं वाटलं. वाटलं, आता आम्ही दोघं आहोत. हॉल भरला होता, पण आमच्या आजूबाजूला जागा बऱ्यापैकी मोकळी राहिली. सगळे उभे राहिले. सरपंचानं चपला काढल्या.

मानकऱ्यांनी या वेळी डोंगराचं नावच घेतलं नाही. गुरंढोरं, बोटीवरचे, पोरांच्या नोकऱ्या. मी जरा सैल झाले. मग ते थांबले आणि आणखी हळू म्हणाले, "आणि गावाच्या बऱ्या कामात जो कोण आडवो येयत, तेका तुझ्या रितीन समज दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सभेचा आवाज समोरून आला, मागून आला. आणि एक आवाज अगदी माझ्या खांद्याजवळून आला. मी वळून पाहिलं. नवऱ्याचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते.

ठरावाच्या वेळी मी उठले, बोलले, माझा विरोध लिहून घ्या म्हणाले. लिहून घेतला. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. नवऱ्याचे हात तेवढे मांडीवरच राहिले.

बाहेर स्कूटरजवळ मी त्याला विचारलं, "तू व्हय म्हटलंस?"

"सगळ्यांच्या वांगडा तोंडातसून आलां."

"देवानं समज कुणाला द्यावी म्हणत होते ते? कळलं का तुला?"

त्यानं खिशातून चावी काढली.

"कळ्ळां," तो म्हणाला.

मग त्यानं स्कूटर चालू केली, आणि मी मागे बसले, कारण घर एकच होतं.