तिरडीवरची ठकुबाई

१९३० च्या मार्गशीर्षात मुंबईची एक चित्रपट कंपनी भोरजवळच्या उत्रोलीत उतरली. चित्र मुकं होतं. बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होऊन घरी परतते आणि माणसांचं रक्त पिते, अशी त्याची गोष्ट. कंपनीच्या नटीने तिरडीवर निजायला साफ नकार दिला, तेव्हा दिग्दर्शकाची नजर गावातल्या कुंडलिकाच्या बायकोवर, ठकुबाईवर गेली. तिचा पाच महिन्यांचा गेनू अंगावर पीत होता आणि ती अजून बाळंतपणातून सावरली नव्हती.

"हिला रंग लावायची गरजच नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"दोन घटका पडून ऱ्हायचं," कुंडलिक बायकोला म्हणाला. "घरात तरी दुसरं काय करतीस?"

खरी अळवंत जशी नेता तशीच न्या, असं दिग्दर्शकाने गावकऱ्यांना बजावलं होतं. गावाने तसंच केलं. शेजारच्या सावळारामाने तिरडीमागे वाटभर राळे उधळले, कारण ते सगळे दाणे वेचल्याशिवाय अळवंतीला घर गाठता येत नाही. अळवंतीला आत पाऊल टाकता येऊ नये म्हणून सासू सगुणाबाईने घराच्या उंबऱ्यात खिळा ठोकला. तेव्हा कॅमेरा तिथे नव्हताच.

ओढ्याकाठी तिरडी उतरवल्यावर ठकुबाईच्या दातांवर खोबऱ्याचे सुळे डिंकाने चिकटवले, हनुवटीवर रक्त म्हणून काजळ कालवलेली काकवी ओतली. मुंग्या चढू लागल्या. पान्हा दाटून चोळी भिजली.

"सायेब, पोराला पाजून येते."

"जा. तोंड मात्र धुऊ नकोस, अजून काम आहे."

कॅमेरा त्याने तोवर तिच्याच गोठ्यात, कडब्याआड नेऊन ठेवला होता; आडवाटेने तोही तिच्याआधी तिथे जाऊन बसला. खरी भीती नटीला जमत नाही, असं तो आपल्या माणसांना सांगत असे.

सगुणाबाई गेनूला कडेवर घेऊन दारात आली आणि जागीच थिजली.

"आत्याबाई, म्या हाय. ठकू."

"राळे येचलेस?"

"म्या मेले का येचायला? द्या त्याला, भुकेला आसंल."

तिने हात पुढे केले. सगुणाबाईने दार लावून आतून अडसर घातला. आत पोर रडू लागलं. ठकुबाईने नखांनी एक सुळा उचकटला आणि फटीशी धरला. "बगा की, खोबरं हाय हे."

"दार वाजवत राहा," गोठ्यातून दिग्दर्शक म्हणाला.

ती वाजवत राहिली. रीळ संपलं तसा तो हसतच बाहेर आला आणि तिला शाबासकी देऊन गेला.

दिवस मावळताना कुंडलिक आला. त्याने खिळा पाहिला. "आईनं ठोकलाय. म्या कसा काढू? माहेरी जा. आठ दिसांनी बगू."

ती माहेरी, विंझरला गेली. आठ दिवसांनी आली, दार लागलेलंच होतं. वरच्या दुधावर गेनू टिकला नाही, विसाव्या दिवशी गेला. आईनेच रक्त पिऊन नेला, असं गावाने ठरवलं. तिला निरोपसुद्धा चार दिवसांनी मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात ते चित्र भोरला तंबूत लागलं. ठकुबाई विंझरहून चालत आली. सगुणाबाईच्या कडेवर गेनू क्षणभर दिसला, मूठ तोंडात घातलेला. मग दार लागलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. तोवर बायकांनी तिला ओळखलं होतं.

"तुमी दिसलात की बाया उठून जातात," मशीन चालवणारा मन्सूर म्हणाला. "उद्यापासनं येऊ नका."

"त्यात माझं पोर हाय."

"आसंल. माझा धंदा बसतोय."

चौथ्या दिवशी ती आत शिरली नाही. तंबूच्या मागे कनात एका ठिकाणी फाटलेली होती, तिथून पडद्याची पाठ दिसे. ती तिथे उकिडवी बसली. त्या अंगाने सगळं उलटं होतं. सासू उलट्या बाजूने दारात आली आणि गेनू दुसऱ्याच कडेवर होता, पण मूठ तोंडातच होती. टाळ्या वाजायच्या आत ठकुबाईने त्याला पुरतं पाहून घेतलं.