फक्त मागचा ॲक्सल गेला

मंडळी, आज माझ्या जुन्या मसल कारला गिऱ्हाईक आलं. माझी नोकरी गेलीय, व्हिसा कॅन्सल झालाय, महिनाभरात दुबई सोडायचीय.

गाडीचं इंजिन दांडगं, पण त्याच्या जोरापुढे मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा दांडा, दोनदा तुटला होता. शेवटी शारजात गॅरेज चालवणाऱ्या रत्नागिरीच्या रफीकभाईंबरोबर सुट्टीचे सहा शुक्रवार खपून मी भक्कम ॲक्सल बसवला. सातव्या शुक्रवारी लाँग ड्राइव्हला जाणार होतो. गुरुवारी ऑफिसने पत्र हातात दिलं.

आजच्या लोकल गिऱ्हाइकाने गाडीखाली वाकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "हबीबी, मला हा ॲक्सल दे. बाकी गाडी खलास."

रफीकभाईंनी विचारलं, "दादा, काढू काय?"

"काढा," म्हणालो.

सहा शुक्रवारांचं काम तासाभरात सुटलं. बोल्ट गंजू नयेत म्हणून मीच ग्रीस लावलं होतं ना. गाडी आता ठोकळ्यांवर उभी आहे.

ऑफिसनेही माझी सात वर्षांची ड्रॉइंग्ज ठेवून घेतली आणि मला सोडलं. तीसुद्धा मीच शेवटच्या दिवशी आठपर्यंत बसून फोल्डरमध्ये नीट लावून दिली होती.

खरं सांगा, काढून टाकणाऱ्यालाही इतका चोख हँडओव्हर तुम्हीही दिलात ना?