भरल्या ओटीचा पट्टा

माझ्या आक्कावर आणि तिच्या पोटातल्या मुलीवर अन्याय झाला. ज्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं, त्यानंतरच्या रथसप्तमीला, दिवस मावळायच्या आधी, परभणीहून झरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मुलीला अजून नाव नव्हतं, म्हणून तिच्यावरच्या अन्यायाची कुठं चर्चा नाही. आक्काला नाव आहे, पण ते मी लिहिणार नाही. ते पुष्कळ लोकांचं आधीच चघळून झालंय.

लोक म्हणतात, पट्ट्यानं पोर खाल्लं. मोटारीच्या सीटला असतो तो पट्टा. मानवतच्या बाजारात म्हणतात, आमच्या झरीत पाणवठ्यावर म्हणतात. एवढ्या ठामपणे म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळे त्या गाडीतच बसले होते. त्या गाडीत चौघं होतो. पुढं दाजी आणि आक्का, मागं आत्या आणि मी. मी शुद्धीवर होते आणि माझे डोळे उघडे होते.

आक्काला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला मानवतला जायचं होतं. मायला ताप होता, तेव्हा मी कॉलेज बुडवून गेले आणि आत्या माझ्यासोबत आली. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती कायमची आमच्याकडं आली. माय रानात जायची आणि आक्का आत्याच्या मांडीवर वाढली. आक्का न्हाऊन आली की केस आत्यानंच पुसायचे, लग्न ठरल्यावरसुद्धा. गावात कुठं बाई अडली की आत्याला बोलावणं यायचं. मग ती पदर खोचून आधी घरातली कुलपं काढायला लावायची, पेट्यांची झाकणं उघडायची, दावणीच्या गाठी सोडायची, बाईच्या केसांची गाठ मोकळी करायची. घरात काही बंद असलं की बाईची वाटही बंद राहते, अशी आमच्याकडं समजूत. आत्याला ती समजूत वाटत नव्हती. तिला ते सूर्य उगवण्याइतकं खरं वाटायचं.

दाजी मानवतला कापसाच्या आडतीवर मुनीम. मालकानं नवी पांढरी छोटी गाडी घेतली होती, ती त्यांनी त्या दिवसापुरती मागून आणली. आक्का गाडीत बसायच्या आधी दोनदा गाडीभोवती फिरली. दाजींनी बसल्या बसल्या स्वतःचा पट्टा लावला.

"मालकाची अट हाय," ते म्हणाले. "पट्टा लावल्याबिगर दिसलो तर परत किल्ली मिळायची न्हाई."

"आन मला?"

"तुलाबी हाय की. वढ तिकडून."

आक्कानं पट्टा ओढला, आधी पोटावरून घेतला आणि तोंड वाकडं केलं. "इथं दाबायलंय." मग तिनं स्वतःच खालची पट्टी सरकवून पोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी बसवली, आणि वरची छातीच्या मधून. कुणी शिकवलं नव्हतं. जिथं दुखेना तिथं ठेवली, एवढंच. "आता बसलं बराबर. कुणी धरून बसल्यागत वाटायलंय."

"चला, मी न्हाई धरलं, पट्ट्यानं तरी धरलं तुला," दाजी म्हणाले.

आक्का लाजली आणि हसली. दारात तिची सासू उभी होती. तिला हसणं ऐकू गेलं. "लय नटवी हाय माय! दाव्याच्या म्हशीवानी बांधून घ्यायलीय आन वरून खिदळायलीय." हे वाक्य ध्यानात ठेवा. सासूनं पट्टा पाहिला तो इथं, स्वतःच्या दारात. त्यापुढचं तिनं काही पाहिलेलं नाही.

रस्त्यानं आक्का बोलतच होती. दाजींनी मालकाकडून ऐकलेलं सांगितलं, की बाहेरच्या देशात म्हणे गाडी आदळली की स्टेअरिंगमधून उशी फुगून येते. आक्का म्हणाली, "मग काय, मानसं झोपत्येत का तिच्यावर?" आत्यासुद्धा हसली. त्या वेळी पट्टा लावलेलाच होता. आत्याला तो आवडला नव्हता, पण सासरच्या दारात कसं बोलायचं म्हणून ती गप्प राहिली होती.

परभणीला आम्ही मावशीच्या घरी थांबलो. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, घर बायकांनी भरलेलं. मावशीनं आक्काला पाटावर बसवून ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. आत्या मागच्या खोलीत बसून राहिली. तिला ओटी भरायचा हक्क नाही. जिला हातांनी वाढवलं तिच्या ओटीत चिमूटभर तांदूळ घालायचा हक्क नाही. यावर मी एक पत्रक लिहिलं होतं, ते आत्यानं चुलीत घातलं होतं.

आक्का पदरात ओटी सांभाळत गाडीत येऊन बसली. ओटी सांडू द्यायची नसते, घरी देवापुढं जाईपर्यंत. एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं तिनं पट्टा ओढला आणि खटका लावला. तो आवाज आत्यानं ऐकला.

"काढ," ती म्हणाली.

"कामून वं?"

"भरल्या ओटीला कुलूप लावायलीस का? काढ म्हणते ना."

मी म्हणाले, "आत्या, असू दे की. दाजीबी लावून बसलेत."

"त्याच्या पोटात लेकरू हाय का?" आत्या माझ्याकडं वळली. "विद्यापीठाचं नाव बदलून आलीस, आता आमची रीत बदलायलीस का? तू तुझी पत्रकं वाट. हे मला कळतंय."

"आत्या, पण तो खाली बसतोय, पोटावर न्हाई..." आक्का म्हणाली.

"माझं इतकंबी ऐकायची न्हाईस?"

आत्याच्या या प्रश्नाला आक्कानं आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आत्यानं मागून हात घालून खटका दाबला. पट्टा सुर्रकन वर गेला. दाजी हे बघत होते. गाडी अजून चालू केलेली नव्हती, बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग आक्कानं दोन्ही हातांनी पदराची ओटी पोटाशी धरली आणि आम्ही निघालो.

गाडी पळत नव्हती. हे मी दहा जणांना सांगितलंय, कुणाला पटत नाही. माणसाला वाटतं, मरायला वेग लागतो. पुढं उसाची ट्रॉली चालली होती, वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बाहेर लोंबत होत्या. तिच्या ट्रॅक्टरपुढं वासरू आलं आणि तो जागेवर थांबला. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी घसरत ट्रॉलीच्या मागच्या फळीला लागली. बैलगाडी खड्ड्यात जाते तेव्हा बसतो, तेवढ्याच धक्क्यासारखा धक्का. मी आणि आत्या पुढच्या सीटांवर आपटलो. दाजी पट्ट्यात अडकून जागेवर राहिले.

आक्काला धरणारं काही नव्हतं. स्वतःला धरायला तिचे हात मोकळे नव्हते. ती ओटीसकट पुढं गेली.

तांदूळ सगळ्या गाडीत झाले होते. आक्का म्हणाली, "सांडली गं आत्या." पहिलं तेच म्हणाली. मग तिनं पोटावर हात ठेवला.

परभणीला परत नेलं. दवाखान्यात मुलगी झाली, मेलेली. तिचे केस दाट होते. दाजींच्या खांद्यापासून छातीवर पट्ट्याचा एक काळा-निळा वळ उठला होता, बाकी त्यांना खरचटलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तो वळ बघितला आणि मला विचारलं, "तिनं लावला नव्हता?" मी सांगितलं काय झालं ते. त्या म्हणाल्या, "गरोदर बाईनं लावायलाच पाहिजे. खालची पट्टी पोटाखाली, कमरेच्या हाडांवर. पोटावर कधीच नाही. वरची दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं. सीट जरा मागं घेऊन बसायचं." म्हणजे आक्का मानवतच्या दारात बसली होती तसं. मी विचारलं, मग मुलगी वाचली असती का? "ते मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तिला संधी तरी मिळाली असती."

आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तिनं सगळं ऐकलं. तेव्हापासून गावात बाई अडली आणि बोलावणं आलं तरी ती गेली नाही.

मानवतला सासूनं ऐकल्याबरोबर निकाल दिला. पट्टा! मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पोटाला आवळून बसली होती मिरवायला. पट्ट्यानं दाबून मारलं माझं नातवंड. अशी सून नांदवायची नाही, लेकराची किंमत नसलेली. निरोप आला की आक्काला तिकडंच ठेवा.

मी आक्काला म्हणाले, सांग ना खरं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला दूध आलं होतं आणि ते बंद करायला छाती बांधून ठेवली होती. ती म्हणाली, "आत्याचं नाव निघालं तर आत्या जगायची न्हाई. म्हणू दे त्यायला काय म्हणायचं ते."

पण आत्याच उठली. कुणाला न विचारता सकाळच्या एसटीत बसली. मी धावत जाऊन तिच्याच गाडीत चढले. मानवतला सासूच्या ओट्यावर ती बसलीसुद्धा नाही.

"विहीणबाई, पट्टा बांधलेला नव्हता. खटका मी काढला. ह्या हातानं. पोरीचा काही गुन्हा न्हाई, तिला घिऊन या."

सासू तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "भाचीचं पाप अंगावर घ्यायला आलाव. तुमचं काय जातंय बाई? तुमच्या कपाळाला आता काय लागायचं राहिलंय?"

बघा कसं असतं ते. जिच्याकडं गमावायला काही नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय, तिनं खरं सांगितलं तरी त्याला मोल नाही. सवाष्णीनं तेच सांगितलं असतं तर ऐकलं असतं. आत्याला ओटी भरायचा हक्क नव्हता, आता तर स्वतःची चूक कबूल करायचाही हक्क उरला नाही.

आत्या दाजींकडं वळली. ते आत खाटेवर बसले होते. "जावईबापू, तुमी शेजारीच व्हताव. सांगा तुमच्या मायला."

दाजींनी आईकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. "माझं ध्यान रस्त्याकडं व्हतं," ते म्हणाले. "म्या काई बघितलं न्हाई."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना सदरा काढून वळ दाखवा म्हणाले, पट्टा बांधणारा जिता बसलाय आणि मारलं म्हणे पट्ट्यानं. दाजी उठून मागच्या दारानं बाहेर गेले. ते वाईट माणूस नाहीत. बायकोला हसवायचे. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते त्यांच्यानं झालं नाही, आणि त्या एका वाक्यावर माझ्या बहिणीचं सगळं अडलेलं होतं.

येताना आत्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. चुडाव्याच्या एका बाईनं तिला विचारलं, कुठं गेला होता? "लेकीच्या सासरी," आत्या म्हणाली. एवढंच.

आखाडात सासरचा निरोप आला. नांदवतो, पण तिनं चार माणसांत चूक कबूल करावी. वडील म्हणाले, पोरीचा संसार आहे. माय रडली. मी म्हणाले, अजिबात नाही, खोटं कबूल करायचं नाही. आक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कुठं राहू? तुझ्या पत्रकात?"

ती गेली. सासरच्या ओट्यावर चार बायाबापड्यांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. म्या पट्टा बांधला व्हता. माझं चुकलं." सासूनं तिला आत घेतलं. आत्या त्या दिवशी आमच्या अंगणात बसून होती. कुणीतरी येऊन तिला ते वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापायी बोलली." त्यानंतर तिचं जेवण कमी झालं ते झालंच.

आता त्या खोट्याला पाय फुटलेत. आईनं स्वतः कबूल केलंय म्हटल्यावर दुसरा पुरावा कशाला? आडत्याच्या गाडीचा तो पट्टा कुणीतरी कापून टाकला. मानवतला एकानं नवी गाडी घेतली, पहिल्या दिवशी पूजा करताना पट्टे सीटखाली कोंबून वरून खोळ शिवून घेतली, घरात पोटुशी सून आहे म्हणून. मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. म्हणाले, तुमच्याच बहिणीचं झालं ना? तिनंच सांगितलंय की.

म्हणून मी हे लिहिलंय. आक्का हे वाचणार नाही, वाचलं तर माझ्याशी बोलणार नाही. तिच्या सासरचे भांडायला येतील, येऊ देत.

हे वाचणाऱ्या बाई, बापा, दादा, तुमच्याकडून मला हळहळ नको. तुमच्या गाडीतली खोळ आज उसवा आणि पट्टे वर काढा. घरातल्या पोटुशीला पुढं बसवताना खालची पट्टी तिच्या पोटाखाली, हाडांवर बसवा आणि तिची ओटी मागच्या सीटवर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. कोणत्याही विधवा बाईच्या हातात दिली तरी चालेल. आणि तुमच्यासमोर कुणी म्हणालं की मानवतच्या सुनेचं पोर पट्ट्यानं मारलं, तर पायाकडं बघू नका. उभे राहा आणि सांगा की तो पट्टा काढलेला होता.