तीन पायांचा बैल

"नुसतं खेळवतात हो तिथं, शिकवत काही नाहीत," असं म्हणून सूनबाईनं परवा नातवाला बालवाडीतून काढायचा बेत केला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हेच वाक्य मी फार पूर्वी दोन शहाण्या पुरुषांच्या तोंडून एकाच वेळी ऐकलं होतं. ते अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नगरला शिकून मी शेवगावच्या बाजूला एका खेड्यातल्या मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वय कोवळं, जीभ तिखट. मला बिगारीचा वर्ग दिला, म्हणजे पहिलीच्याही आधीची, नाकं गळणारी पोरं. निम्मी आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतली, निम्मी गावातल्या शेतकऱ्यांची. शिकवायचं म्हणजे काय, तर मी "एक" म्हणायचं आणि पोरांनी मांडी घालून, हाताची घडी करून "एक" ओरडायचं. कुणी हललं की छडी. शाळा चर्चच्या पाळकसाहेबांच्या देखरेखीखाली होती, ते ह्याला शिस्त म्हणायचे. अहो, मेंढरंसुद्धा इतकी गप्प बसत नाहीत!

त्यात एका शेतकऱ्याची पोरगी होती. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. सगळे तिला मुकी म्हणायचे. मुकी कसली डोंबलाची! शाळा सुटली की आवारातल्या लिंबाखाली बसून मुंगळ्यांशी गप्पा मारायची, मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण वर्गात पाऊल टाकलं की तोंड बंद. तिच्या बापानं मला वाटेत गाठून सांगितलं, "बाई, दिवाळीपतुर बघतो. न्हाई काय आलं तर शेळ्यांमागं धाडीन. घरी मानूस पुरत न्हाई." म्हणजे तिची शाळा त्या दिवाळीवर टांगलेली होती, आणि बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पोरांच्या डोक्यात बैलांशिवाय काही शिरेना. मी म्हटलं, आग लागो त्या ओरडण्याला. पोरांना लिंबाखाली नेलं, ओढ्याकाठची काळी माती आणवली आणि सांगितलं, करा बैल.

काय वर्ग झाला त्या सकाळी! कुणी शिंगं वळतंय, कुणी बाजरीच्या ताटाचं जू करतंय, कुणी काटक्यांची वेस उभारतंय. माझा थोरला, तुझा धाकटा, ह्याला जोडी पाहिजे, तो पुढं, हा मागं. जे मी छडी आपटून डोक्यात घालत होते, ते सगळं पोरं आपसांत भांडून शिकत होती. तेवढ्यात कुणीतरी माझा पदर ओढला. बघते तर ती.

"बाई, माज्या बैलाला तीनच पाय हायेत. एक गळून पडला. चार लागत्यात."

मला रडूच आलं. मुकी म्हणे!

मग पोरांनी बैलांपुढं लिंबाची पानं मांडून त्यावर मातीच्या पुरणपोळ्या ठेवल्या. आदल्या दिवशी पाहिलं तेच करणार ना! आमच्या ख्रिस्ती पोरांनीही ठेवल्या. आणि नेमके तेव्हाच पाळकसाहेब आले.

"बाई! मिशनच्या शाळेत मूर्तिपूजा? नैवेद्यसुद्धा?"

"अहो साहेब, भातुकली आहे ती. खेळतायत पोरं."

पण त्यांना खेळ दिसेचना, नैवेद्य तेवढा दिसत होता. जुने देव सोडताना त्यांच्या वाडवडिलांनी गावाचा छळ सोसला होता. ती भीती मला कळते, माझ्याही घरात ती होती. पण म्हणून पोरांच्या हातच्या चिखलाला भ्यायचं? त्यांनी काठीनं एकेक बैल चेचला. त्या पोरीनं काठीच धरली आणि सोडेना, तेव्हा शेजारच्या रानातून तिच्या बापाला बोलावून आणलं.

मला वाटलं, पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी बैल चेचले म्हणून हा तरी भडकेल. कसचं काय! तो म्हणाला, "बैल मोडलं ते वाईट झालं, सायेब. पन पोर चिखलात खेळाया न्हाई धाडली आमी. चिखल घरी लई हाय."

"मी तेच म्हणतोय. इथं नुसतं खेळणं चाललंय, शिकणं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"व्हय, नुसता खेळ. शिकनं न्हाई."

ह्यांचा देव वेगळा, त्यांचा वेगळा. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. पण पोरांचा खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा, ह्यावर मात्र दोघांचं चुटकीसरशी जमलं!

आणि त्यांच्या पायाशी ती पोरगी चिखलातून बैलांचे तुटलेले पाय वेचत होती. "एक, दोन, तीन, चार. ह्या बैलाचं झालं. पाच, सहा, सात, आठ. आता ह्याचं झालं."

"गप्प बसा दोघंही!" मी ओरडले. पाळकसाहेबांवर ओरडले, नोकरी जाईल ह्याचंही भान राहिलं नाही. "ऐका जरा, ती मोजतेय!"

ती मोजतच राहिली, चार-चार पायांचे ढीग लावत. बाप खाली बसून ऐकू लागला. त्याच्या तोंडावर हसू आलं. मला वाटलं, जिंकले मी, राहिली पोरगी शाळेत.

"मोजती की वो, बाई!" तो म्हणाला. "मंग झालं की. शेळ्या मोजाया एवढं लई हाय. दिवाळीची वाट कशाला बघायची?" आणि तिला बखोटीला धरून उठवलं.

मी वाट अडवली, विनवलं, भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. पाळकसाहेब काठीचा चिखल गवताला पुसत उभे होते. ती आवाराबाहेर जाईपर्यंत मागं वळून बैलांकडे बघत होती.

पुढं बाजारात तिचा बाप भेटला की रामराम घालून कौतुकानं सांगायचा, "बाई, पोरीनं अजून एक बी शेळी चुकू दिली न्हाई. तुमचीच किरपा."