गवळ्याच्या कट्ट्यावरचा स्टोव्ह

अंगावरचे दागिने आपण पुन्हा पुन्हा न्याहाळतो. अंगात वाहणारे रक्त कोण घडवतो, हे मात्र विचारीत नाही. कोल्हापूरच्या कृष्णात गवळ्याला ते विचारावे लागले, कारण चोविसाव्या वर्षी त्याच्या हाडांतली मज्जा रक्त घडवीनाशी झाली.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार निघते आणि फेसाळ, कोमट, धारोष्ण दूध तिथेच उभ्याने प्यायले जाते. ही त्या पेठेची रीत. कृष्णातच्या हाताला अशी माया, की त्याची चंद्री म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडत नसे.

१९८६ साली मुंबईच्या रुग्णालयात त्याच्याशी मज्जा जुळली ती थोरल्या बहिणीची. गडहिंग्लजला दिलेली धोंडुबाई, घरची आक्का. आधी औषधांनी कृष्णातची उरलीसुरली मज्जा पुसून टाकली. मग आक्काला भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि थेंब थेंब त्याच्या शिरेत सोडली.

कृष्णातने डॉक्टरीणबाईंना विचारले, "बाई, शिरंत सोडलासा. ती हाडात कशी जाणार? वाट कोण दावणार तिला?"

"तिची वाट तिला सापडते," बाई म्हणाल्या. "कशी, ते आम्हीही अजून शोधतोच आहोत."

किती नम्र उत्तर! आणि वाट खरोखरच सापडली. तिसऱ्या आठवड्यात नव्या पेशी दिसल्या. पुढे तर रक्तगटही बदलून बहिणीचा झाला.

"तम्मा, आता माझ्यावाणी बडबडाय लागशील बघ," आक्का हसली. सीमेलगतच्या कानडी सवयीने ती धाकट्या भावाला तम्माच म्हणे.

"रगात तुझं आलंय, जीभ माझीच हाय की!"

घरी पाठवताना बाईंनी त्याच्या वडिलांना, बाळासोंना, समोर बसवले. "रक्त आलं, राखण अजून यायची आहे. लहानपणापासून ज्या ज्या रोगांशी झुंजून हे शरीर शहाणं झालं होतं, ते शहाणपण पुसलं गेलंय. वर्षभर ह्याला तान्हं बाळ समजा." पाणी उकळलेले, भाजी शिजलेली. गर्दी नको, गोठा नको, देवाची फुलेसुद्धा उशाशी नकोत. आणि कच्चे दूध तर मुळीच नको.

कृष्णात घरी आल्यावर खाली गोठ्यात बाळासो धारेला बसत आणि चंद्री पाय झाडी. मग माडीच्या खिडकीतून, तोंडाला फडके बांधून तो हाक घाली, "ये गं चंद्रे!" आणि त्या हाकेसरशी तिची कास भरून येई. हाताचे काम हाक करू लागली. जिवाची ओळख नेमकी कुठे राहते, हातात, गळ्यात की रक्तात? बदलल्या रक्ताच्या माणसालाही म्हैस ओळखत होती!

पण कट्टा गप्प बसतो होय? रोजचे गिऱ्हाईक जोतीराम पैलवान बाळासोंना म्हणाला, "पोरगं पांढरं पडलंय आन् तुमी उकळून पाजताय? उकळल्यालं दूध म्हंजे मढं! जोर कुटनं यायचा?"

बाळासोंचाही जन्माचा विश्वास तोच होता. घरचे दूध तापवून लेकाला देणे त्यांना वैऱ्याचे काम वाटे. अडीच महिने त्यांनी सोसले. मग एके सकाळी लेकाच्या पेल्यात, कुणाला न सांगता, त्यांनी निम्मी धार कच्ची मिसळली. द्वेषाने नव्हे, मायेने. सलग चार दिवस.

पाचव्या दिवशी कृष्णात थंडीतापाने फणफणला. गावातल्या दवाखान्यात शिरेतून औषध सुरू झाले. बाळासो डॉक्टरांपुढे हात जोडून उभे राहिले. "मीच पाजलं, सायेब. जोर यावा म्हून."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "गवळी तुम्ही. वासराला चीक मिळाला नाही तर काय होतं?"

"जगत न्हाई ते. हगवण लागून जातंय. आईच्या पयल्या दुधात राखण असती."

"तुमचा मुलगा तसंच वासरू आहे. बिनचिकाचं."

चाळीस वर्षे गोठ्यात जे बाळासो जाणत होते, तेच ज्ञान लेकाच्या उशाशी ओळखू आले नव्हते. "मग ह्येला चीक कोण पाजणार?"

"त्याचं शरीर स्वतःच राखण घडवायला शिकेल. आपण त्याला वेळ द्यायचा आणि पुढं लसी."

नऊ दिवसांनी ताप उतरला. त्या दिवसापासून लेकाचे दूध बाळासो स्वतः तापवू लागले, एकदा नव्हे, दोनदा.

वर्ष सरल्यावर बाईंनी सांगितल्याप्रमाणे लसी सुरू झाल्या. दवाखान्यात तान्ही मुले घेतलेल्या बायांच्या रांगेत मिशीवाला कृष्णात उभा. एका बाईने विचारले, "पावणं, बाळ कुटाय तुमचं?"

"मीच की ओ बाळ! आमच्या आबास्नी इचारा."

"व्हय," बाळासो गंभीरपणे म्हणाले, "एक वर्साचं हाय. सुई टोचली की रडतंय."

रांग हसली. सुई टोचली गेली, घटसर्पाची, धनुर्वाताची. बाळासो पुटपुटले, "घे बाबा, तुझा चीक."

त्याच आठवड्यात मुंबईहून डॉक्टरीणबाईंचे पत्र आले: रक्त चांगले आहे, म्हशीजवळ जायला हरकत नाही, पण हात धुवावेत आणि दूध तापवूनच घ्यावे.

कृष्णात कट्ट्यावर आला. चंद्रीने मान वळवून त्याला हुंगले. नुसता हात लागला आणि धारा वाजू लागल्या. जोतीराम पैलवानाने भरला तांब्या उचलून पुढे धरला. "घे मर्दा, पयला मान तुझा!"

कृष्णातचा हात पुढे गेला. वर्षभर मनात घोळलेला तो कोमट फेस ओठांपासून वीतभर राहिला होता. त्याने वडिलांकडे पाहिले आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. बाळासोंनी पोत्याआडून स्टोव्ह काढला आणि दूध पातेल्यात ओतले.

"गवळ्याच्या कट्ट्यावर इस्टू?" पैलवान ओरडला. "आब्रू घालीवली की ओ गंगावेशीची!"

"आब्रू जाऊ दे," स्टोव्हला पंप मारत बाळासो म्हणाले. "पोरगं ऱ्हाऊ दे."

दूध वर आले. बाळासोंनी पातेले उतरवून फुंकर घातली, पुन्हा चढवले, पुन्हा वर येऊ दिले. मग पेला भरला. कृष्णात प्यायला; मिशीला साय लागली. पैलवानाने आपला पेला पातेल्याजवळ सरकवला.

"घाला जरा. मढं कसं लागतंय बघू तरी."