हात न लागलेलं पाणी

१९५८ साल. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा, तिसरी पास आणि आपल्याला सगळं कळतं असं समजणारा. आता इतक्या वर्षांनी, महिन्यापूर्वी, अकोल्याहून भाच्याचा निरोप आला, आई गेली, म्हणजे माझी बाई... तेव्हा मला बार्शीटाकळीच्या मोटार स्टँडवरची आमची पाणपोईच आठवली आणि मान खाली गेली.

बाई माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर माझ्याकडेच राहायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं होत होती, त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं रस्त्यावर रांजण मांडला. बाई रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून नारळाच्या शेंडीनं तो घासायची. मग आतून बोट फिरवून पाहायची, बुळबुळ लागली की पुन्हा घासायची. पण गावातले लोक रांजणाकडे पाहून तहानलेलेच पुढं जायचे. ते मला सोसेना. मी मागं वस्तीत टाकी बांधली आणि कापसाच्या जिनातली जुनी लोखंडी नळी थेट रस्त्यापर्यंत आणली. टोकाला पितळी तोटी.

"इतकी लांबलचक नळी कशाले रे किसन?"

"याच्यातल्या पाण्याले कोनाचा हात लागत नाई. कोनी नाक मुरडनार नाई."

"मंग घासशीन कशी?"

"वाहत्या पाण्याले घासा लागते काय? शानीच हायेस."

लोक खरंच प्यायला लागले. मी मिशीला पीळ देत हिंडायचो. आणि एक दिवस मोटारीतून उतरलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तोटीखाली ओंजळ धरली, तर तिच्यात शेंबडासारखी लांब तार पडली. त्यानं पाणी सोडलं, हात धोतराला पुसला आणि गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं...

संध्याकाळी नळी उघडली. वळणावर पाणी थबकायचं, तिथं बुळबुळीचा मऊ, जाड लगदा, बोटानं निघणारा. सरळ भागात पाणी जोरात धावायचं, तिथं सगळं धुतलेलं असेल ही माझी खात्री. पण तिथं त्याच बुळबुळीचे बारीक दोरेच दोरे, धारेच्या दिशेनं निजलेले, गंजलेल्या खरबरीत लोखंडाला धरून. ओढले तरी सुटेनात. गुळगुळीत तोटी तेवढी बरी होती.

"हे तुह्यासारखेच," बाई म्हणाली. "जितकं लोटलं तितकं घट्ट धरते." हसली. मग हसू गेलं. "खरं सांग किसन. आपला हात दिसू नये म्हनून घातली ना ही नळी?"

पुढं इतकी वर्षं गेली, तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आता तिच्या पुण्यानुमोदनाला गेलो तर अकोल्यात लेकाच्या घरी तिच्या माठाशेजारी तशीच एक शेंडी होती, झिजून मुठीएवढी उरलेली. भाचा म्हणाला, "मामा, फेकू काय?" मी ती खिशात घातली.

तिनं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी उपटली. भर रस्त्यावर, मोटारीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांसमोर, कोपरापर्यंत हात घालून रांजण घासला, आतून बोट फिरवून पाहिलं, आणि पहिला पेला भरून पुढं धरला.